हालावा खोऱ्यातला ट्रेक: तयारी आणि वाट

हवाईच्या मोलोकाई बेटाच्या पूर्व टोकाला हालावा खोरं आहे. मोआउला धबधब्याची वाट खासगी जमिनीतून जाते, त्यामुळे स्थानिक वाटाड्याशिवाय शिरू नका. बुकिंग आधीच करा.

शेजारच्या माउई बेटाहून येणारी फेरीबोट २०१६ मध्ये बंद झाली, त्यामुळे छोट्या विमानानेच पोचावं लागतं. पेट्रोल काउनाकाकाई या बेटावरच्या मुख्य गावातच भरून घ्या. तिथून खोरं जेमतेम ४५ किलोमीटर, पण दीड तास धरा. शेवटचा रस्ता एका गाडीपुरताच आहे. आंधळ्या वळणावर हॉर्न द्या.

रिकाम्या हाताने जाऊ नये. 'ती' नावाच्या झाडाच्या पानांत बांधलेली साधी भेट, म्हणजे होओकुपु, नेण्याची रीत आहे, फळंही चालतात. शंख फुंकून तुमच्या येण्याची वर्दी दिली जाते. मग कपाळाला कपाळ, नाकाला नाक टेकवून एकत्र श्वास घेतात. त्याआधी टोपी, गॉगल काढा.

वाटेतली पाणथळ खाचरं कालोची, म्हणजे आपल्या अळूची. १ एप्रिल १९४६ च्या त्सुनामीत इथं खारं पाणी घुसलं आणि वस्ती उठली. खाचरं आता पुन्हा कष्टाने उभी राहताहेत, तेव्हा बांधावर पाय देऊ नका. पान चावून बघायचा मोह आवरा, घसा खाजेल.

येऊन-जाऊन अंतर साधारण साडेपाच किलोमीटर, वेळ चार-पाच तास. खरी कसोटी ओढ्यात. दगड गोल आणि शेवाळलेले, म्हणून दगडांवरून उड्या मारू नका, बूट भिजू द्या आणि तळावर पाऊल टेकवत चला. सॅकचा कमरेचा पट्टा आधी सोडा. पडलात तर सॅक चटकन टाकता येते. पाणी अचानक गढूळ झालं, काड्या-पाला वाहून येऊ लागला, की वर डोंगरात पाऊस झालाय असं समजा. वाटाड्या थांबवेल तिथं थांबा, घासाघीस नको.

प्रत्येकी दोन लिटर पाणी, डासांचं मलम आणि कोरडे मोजे घ्या. ओढ्याचं पाणी पिऊ नका. मुंबईच्या पावसाळ्यात जिची धास्ती असते ती लेप्टो इथल्या पाण्यातही असू शकते, आणि ती जखमेतून शिरते. पायाला चीर असेल तर वॉटरप्रूफ पट्टी लावा, तरीही डुंबणं टाळाच.

धबधब्याखालच्या डोहात मो'ओ, म्हणजे जलसरड्याचं रूप घेणारी शक्ती राहते, अशी श्रद्धा आहे. 'ती'चं पान पाण्यावर सोडतात. तरंगलं तर उतरायचं, बुडालं तर नाही. कड्याच्या अगदी पायथ्याशी मात्र बसू नका, वरून दगड सुटतात.

परतल्यावर महिनाभरात ताप आला, पोटऱ्या दुखल्या, तर ओढ्यात उतरलो होतो हे डॉक्टरांना आवर्जून सांगा.