फॉरेक्सचा नफा ब्रोकरने अडवला तर काय करायचं?

अमळनेर तालुक्यातला एक तरुण दोन महिन्यांपूर्वी माझ्या जळगावच्या ऑफिसात आला. मी टॅक्सचं काम करतो, पण हल्ली असे प्रश्न घेऊन येणारे वाढलेत. खुर्चीत बसायच्या आधीच त्याने मोबाईल पुढे केला. "भाऊ, पैसा दिसतस, पन निंघतस नही."

स्क्रीनवर फॉरेक्स ब्रोकरचं, म्हणजे परकीय चलन आणि सोन्याचे ऑनलाइन सौदे करू देणाऱ्या कंपनीचं, ॲप होतं. त्यात शिल्लक होती ६,१८० डॉलर. त्याने भरले होते १,५००. पैसे काढायची विनंती 'पेंडिंग' होती आणि तो सोळावा दिवस होता. सोबत दोन ओळींचा ई-मेल होता: तुमच्या ट्रेडिंगची तपासणी सुरू आहे.

तोट्यात असेपर्यंत या कंपनीने त्याला कधीच काही विचारलं नव्हतं. नफा झाला आणि तपासणी सुरू झाली. अशा वेळी घाबरून किंवा चिडून जे केलं जातं, त्याने बहुतेकांची बाजू कमकुवत होते. म्हणून कोणत्या क्रमाने काय करायचं, ते सविस्तर लिहितो.

आधी भांडण कशाचं आहे ते समजून घ्या

ब्रोकर तुमची ऑर्डर पुढे मोठ्या बँकेकडे किंवा बाजारात पाठवतो, तेव्हा त्याला फक्त कमिशन मिळतं. धंद्याच्या भाषेत हे 'ए-बुक'. पण बरेच ब्रोकर ऑर्डर पुढे पाठवतच नाहीत. तुमच्या सौद्याची दुसरी बाजू ते स्वतः घेतात, याला 'बी-बुक' म्हणतात. तिथे तुमचा तोटा म्हणजे त्याची कमाई आणि तुमचा नफा म्हणजे त्याच्या खिशातून जाणारा पैसा. रावेर-यावलच्या केळी उत्पादकाला हे चटकन कळेल. बोर्डावर एक भाव असतो, आणि माल कापून झाल्यावर व्यापारी दुसराच भाव हातात ठेवतो. इथे तर बोर्डही त्याचाच, काटाही त्याचाच.

हा नुसता संशय नाही. अमेरिकेतल्या एफएक्ससीएम या मोठ्या ब्रोकरवर २०११ मध्ये तिथल्या नियामकाने, सीएफटीसीने, कारवाई केली. ऑर्डर देणं आणि सौदा होणं यांच्या मधल्या क्षणात भाव ग्राहकाच्या विरुद्ध सरकला तर तोटा ग्राहकाच्या माथी जात होता. बाजूने सरकला तर फायदा कंपनीकडे राहत होता. ग्राहकांना ८० लाख डॉलरहून जास्त रक्कम परत करावी लागली. पुढे २०१७ मध्ये याच कंपनीला ७० लाख डॉलरचा दंड झाला आणि तिला अमेरिकेतला धंदा सोडावा लागला, कारण 'आमचा डीलिंग डेस्क नाही', म्हणजे ग्राहकाच्या सौद्याची दुसरी बाजू आम्ही घेत नाही, असं सांगत असताना ती बाजू घेणाऱ्या कंपनीत तिचेच हितसंबंध होते. ग्राहकांना न्याय मिळू शकला तो दोन गोष्टींमुळे: नोंदी होत्या आणि त्या तपासणारा नियामक होता. तुमच्याकडे यातलं काय आहे, हे आधी पाहायचं.

पहिलं काम: त्याच दिवशी पुरावा उतरवून घ्या

ई-मेल आल्या दिवशीच हे करा. खातं बंद झालं की जुने सौदे बघायलाही मिळत नाहीत.

मेटाट्रेडर हे ट्रेडिंगचं ॲप मोबाईलवर वापरत असाल तर कॉम्प्युटरवर उघडा. हिस्टरीत जा, राईट क्लिक करून पूर्ण काळाचा रिपोर्ट सेव्ह करा. त्यात प्रत्येक सौद्याचा टिकिट नंबर, उघडल्या-बंद केल्याची वेळ आणि भाव असतो. ज्या यंत्रावरून ऑर्डर दिली, त्याच्या 'जर्नल'मधल्या, म्हणजे ॲपच्या रोजनिशीतल्या नोंदीही उतरवून घ्या. ऑर्डर कधी दिली आणि सर्व्हरने कधी स्वीकारली, ते त्यात दिसतं. मग ग्राहक-कराराची आजची प्रत पीडीएफ करून ठेवा, कारण अटी मागाहून बदलल्या जातात. ई-मेल, चॅट, पैसे भरल्याच्या बँकेच्या नोंदी, यूपीआयचे नंबर, सगळं एका फोल्डरमध्ये तारखेप्रमाणे लावा.

वेळेचा घोळ बहुतेकांच्या लक्षात येत नाही. ब्रोकरचा सर्व्हर सहसा ग्रीनिचच्या दोन किंवा तीन तास पुढे चालतो, आपलं घड्याळ साडेपाच तास पुढे असतं. म्हणजे रिपोर्टमधली वेळ आपल्यापेक्षा साडेतीन किंवा अडीच तास मागे दिसते. हे जुळवून लिहिलं नाही, तर तुमचाच रिपोर्ट तुमच्या बोलण्याशी विसंगत वाटतो.

त्या तरुणाचा एक सौदा आम्ही कागदावर मांडला. जळगावकडच्या बऱ्याच जणांसारखा तोही सोन्यात खेळत होता, कारण सोनं आपल्याला कळतं असं वाटतं. सौदा ०.१० लॉटचा, म्हणजे १० औंस सोन्याचा होता. ३,३१० ला घेतलं, ३,३३४ ला विकलं. फरक २४ डॉलर, गुणिले १०, म्हणजे २४० डॉलर नफा. ब्रोकरचं म्हणणं, भाव चुकीचा लागला होता. आम्ही त्याच मिनिटाचा भाव आणखी दोन ठिकाणच्या चार्टवर पाहिला. तिथेही सोनं त्याच पट्ट्यात होतं. ती तीन चित्रं शेजारी शेजारी ठेवल्यावर 'चुकीच्या भावा'चा मुद्दा लंगडा पडला. वादातल्या प्रत्येक सौद्याला हे करा.

मोबाईल रीसेट करू नका, विकू नका. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत प्रमाणपत्र द्यावं लागतं. मूळ यंत्र हाताशी असेल तर ते काम सोपं होतं.

दुसरं काम: करार नेमका कोणाशी आहे ते शोधा

वेबसाइटवर लंडन किंवा सायप्रसच्या परवान्याचा मोठा शिक्का असतो. भारतातल्या माणसाचं खातं मात्र बऱ्याचदा त्याच नावाच्या दुसऱ्या कंपनीत उघडलेलं असतं, सेशेल्स, वानुआटू किंवा सेंट व्हिन्सेंटमधल्या. कराराच्या पहिल्या पानावर पूर्ण नाव वाचा. सेंट व्हिन्सेंटचा वित्तीय नियामक फॉरेक्स ब्रोकरला परवाना देतच नाही, हे त्याने स्वतः जाहीर केलं आहे.

करार खरोखर ब्रिटनच्या वित्तीय नियामकाचा परवाना असलेल्या कंपनीशी असेल तर रस्ता आहे. आधी कंपनीकडे लेखी तक्रार. तिला आठ आठवडे मिळतात. उत्तर पटलं नाही तर अंतिम उत्तरापासून सहा महिन्यांच्या आत तिथल्या फायनान्शियल ओम्बड्समनकडे, म्हणजे ग्राहकांच्या तक्रारी सोडवणाऱ्या स्वतंत्र संस्थेकडे, जाता येतं.

करार सेबी-नोंदणीकृत भारतीय ब्रोकरशी असेल तर तुमची जागा सगळ्यात भक्कम. एक्स्चेंजवरच्या सौद्यात समोरची बाजू क्लिअरिंग कॉर्पोरेशन, म्हणजे सौदे पुरे करण्याची हमी देणारी संस्था, घेते, त्यामुळे तुमच्या नफ्याने ब्रोकरचं काही जात नाही. चुकीच्या भावाचा सौदा तो स्वतःहून रद्दही करू शकत नाही. त्याला सौदा झाल्यापासून ३० मिनिटांत, फार तर तासाभरात, एक्स्चेंजकडे अर्ज करावा लागतो. वाद झालाच तर आधी ब्रोकरला लिहा, मग सेबीच्या 'स्कोअर्स' या तक्रार पोर्टलवर तक्रार टाका. ब्रोकरला २१ दिवसांत उत्तर द्यावं लागतं. तरी मिटलं नाही तर 'स्मार्ट ओडीआर' या ऑनलाइन वाद मिटवायच्या पोर्टलवर समेट आणि पुढे लवाद, घरबसल्या.

तिसरं काम: स्वतःची बाजू वकिलासमोर उघडी करा

इथे मला स्पष्ट बोलायलाच हवं, कारण हे कोणी सांगत नाही आणि पोरं अडकतात. भारतात राहणाऱ्याने परकीय चलनाचे सौदे फक्त रिझर्व्ह बँकेने अधिकृत केलेल्या माणसाशी, संस्थेशी किंवा प्लॅटफॉर्मवर, नाहीतर एनएसई, बीएसई, एमएसई या एक्स्चेंजवर करायचे असतात. एलआरएस या परदेशी पैसे पाठवायच्या योजनेत वर्षाला अडीच लाख डॉलर बाहेर पाठवता येतात, पण परदेशी ब्रोकरकडे मार्जिन, म्हणजे सौद्यासाठीची ठेव, भरायला नाही. फेमा, म्हणजे परकीय चलन व्यवस्थापन कायद्याच्या, कलम १३ खाली गुंतलेल्या रकमेच्या तिप्पटीपर्यंत दंड होऊ शकतो. रिझर्व्ह बँकेने ७ सप्टेंबर २०२२ ला अनधिकृत प्लॅटफॉर्मची यादी काढली तेव्हा त्यात ३४ नावं होती, पुढे ती वाढत गेली. आणि यादीत नाव नाही म्हणजे ब्रोकर अधिकृत आहे, असंही नाही.

याचा वादावर थेट परिणाम होतो. करार कायद्याच्या कलम २३ प्रमाणे बेकायदा उद्देशाचा करार टिकत नाही. नफा द्या म्हणून जळगावच्या कोर्टात गेलात तर पहिला प्रश्न तुम्हालाच विचारला जाईल. भरलेली मूळ रक्कम मागणं आणि नफा मागणं या दोन वेगळ्या मागण्या आहेत. पहिलीत जास्त दम असतो, म्हणून पत्रात त्या वेगवेगळ्या लिहा. आपली चूक असेल तर फेमामध्ये कलम १५ खाली कंपाउंडिंगची, म्हणजे रक्कम भरून प्रकरण मिटवण्याची सोय आहे. फेमा जाणणाऱ्या वकिलापासून काही लपवू नका.

चौथं काम: एकच पत्र, पण नेमकं

चॅटवर भांडू नका. ई-मेल करा आणि चारच गोष्टी विचारा. कराराच्या कोणत्या कलमाखाली पैसे अडवले? कोणते सौदे, टिकिट नंबरसह? त्याचा पुरावा काय, सर्व्हरची नोंद द्या. किती रक्कम कापली आणि हिशेब कसा केला? उत्तराला सात कामाचे दिवस द्या. 'लेटन्सी आर्बिट्राज' (ब्रोकरचा भाव बदलायला लागणाऱ्या उशिराचा फायदा घेणं), 'बोनसचा गैरवापर', 'एकाच आयपीवरून', म्हणजे एकाच इंटरनेट पत्त्यावरून, 'दोन खाती' ही पैसे अडवण्याची नेहमीची कारणं. शेवटचं आपल्याकडे सहज लागू होतं, कारण एकाच घरच्या वायफायवर दोघे भाऊ ट्रेडिंग करत असतात. तसं असेल तर आधीच सांगून टाका, दोघांची ओळखपत्रं जोडा.

उत्तर येईपर्यंत नवीन सौदे करू नका. थोडी रक्कम देऊन 'आता काही मागणं नाही' असं लिहून मागितलं तर वकिलाला दाखवल्याशिवाय मान्य करू नका.

पैसे सोडायला आधी 'टॅक्स' भरा, 'सुरक्षा ठेव' भरा असं सांगितलं, की तो वाद राहिला नाही, ती फसवणूक आहे. तुमच्या नफ्यावरचा आयकर तुम्ही सरकारला भरता, ब्रोकरच्या यूपीआयवर नाही. एक रुपया पाठवू नका. लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा, राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार टाका, जिल्ह्याच्या सायबर पोलीस ठाण्यात जा. रिझर्व्ह बँकेच्या 'सचेत' या तक्रार पोर्टलवरही कळवा. कार्डाने पैसे भरले असतील तर बँकेकडे चार्जबॅक, म्हणजे कार्डाचा व्यवहार उलटवून पैसे परत, मागा, त्याची मुदत लवकर संपते. 'अडकलेले पैसे काढून देतो' म्हणून टेलिग्रामवर येणारे लोकही फी घेऊन गायब होतात.

पैसे आले तरी एक धोका राहतो

परदेशी ब्रोकर नफा पाठवतो तेव्हा बऱ्याचदा तो कंपनीच्या खात्यातून येत नाही. कुठल्या तरी अनोळखी माणसाच्या खात्यातून येतो, आणि तो पैसा दुसऱ्या कोणाला फसवून आणलेला असू शकतो. मग परराज्यातल्या सायबर पोलिसांच्या पत्रावरून तुमचं खातं गोठतं. त्या अमळनेरच्या तरुणाला आधी मिळालेल्या २८,००० रुपयांमुळे हेच झालं होतं, आणि त्याच खात्यात कापसाचे पैसे अडकले होते. बँकेकडून तक्रारीचा पोचक्रमांक आणि तपास अधिकाऱ्याचा पत्ता लेखी घ्या. सगळा व्यवहार खरा खरा लिहून अर्ज करा आणि फक्त वादातली रक्कम रोखून बाकी खातं मोकळं करायची मागणी करा. त्याच्या बाबतीत कापसाचे पैसे पाच आठवड्यांनी सुटले. ब्रोकरकडे मूळ १,५०० डॉलरची मागणी वकिलामार्फत गेली आहे.