विजेच्या खांबाविना कोकणातले घर: हिशेब आषाढाचा धरावा

सिंधुदुर्ग किंवा रत्नागिरीच्या आतल्या भागात, वाडीपासून दोन-तीन किलोमीटर आत काजूच्या बागेत घर बांधायचे म्हटले की विजेचे खांब कोण आणणार आणि त्यांचा खर्च कोण सोसणार, हा प्रश्न पहिल्यांदा उभा राहतो. अशा जागी सौरविजेवरच चालणारे घर उभारता येते; मात्र यंत्रणा विकणारे बहुधा एप्रिल-मेच्या उन्हाचा आकडा समोर ठेवतात आणि घरात राहणाऱ्याची परीक्षा आषाढात होते. म्हणून सगळी आखणी त्या महिन्यावरून करावी.

त्याआधी कागद पाहावेत. १९४८ च्या कुळवहिवाट व शेतजमीन अधिनियमानुसार महाराष्ट्रात शेतजमीन घेणारा सर्वसाधारणपणे शेतकरीच असावा लागतो आणि शेतघराच्या परवानगीलाही मर्यादा आहेत. फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या पीएम सूर्यघर योजनेचे ७८,००० रुपयांपर्यंतचे अनुदान ग्रिडला, म्हणजे वीज कंपनीच्या तारांच्या जाळ्याला, जोडलेल्या घरगुती यंत्रणेसाठी आहे, तेव्हा ते आपल्या अंदाजपत्रकात धरू नये.

आता विजेची वही मांडावी. नऊ वॅटचे सहा दिवे पाच तास, तीस वॅटचे तीन बीएलडीसी (कमी वीज खाणाऱ्या मोटरीचे) पंखे दहा तास, एक युनिटाच्या आसपास खाणारा लहान फ्रिज, संगणक-मोबाइल-राउटर मिळून चारशे वॅट-तास, अर्ध्या अश्वशक्तीचा पंप पाऊण तास आणि थोडा मिक्सर, अशी बेरीज दिवसाला सव्वातीन युनिटांच्या घरात जाते. इन्व्हर्टर व तारांमधील घट धरली की पावणेचार. साधे पंखे पंच्याहत्तर वॅटचे असतात, म्हणजे पंखे बदलल्यानेच दिवसाला सव्वा युनिट वाचते आणि हा सगळ्यांत स्वस्त सौदा आहे. विजेचा गीझर मात्र यादीत घेऊच नये. न्हाणीतले तांब्याचे भाणे नारळाच्या सोडणांवर आणि चुडतांवर उत्तम तापते, आणि दोन हजार वॅट खाणाऱ्या उपकरणासाठी यंत्रणा वाढवत बसण्यापेक्षा ते शहाणपणाचे आहे.

एक किलोवॅटच्या पॅनेलमधून वर्षाची सरासरी काढली तर दिवसाला चार युनिटे मिळतात. पण जुलैत हा आकडा दोनच्या खाली येतो आणि झड लागली की पुरते एक युनिटही मिळत नाही. म्हणून वरच्या घराला ५४० वॅटची सहा पॅनेल, म्हणजे सव्वातीन किलोवॅट, लावावीत. उन्हाळ्यात वीज उरेल. ती उरू द्यावी. पैसे हातचे राखून खर्च करायचे असतील तर बॅटरीपेक्षा पॅनेल वाढवावे, कारण बॅटरी फक्त साठवते आणि ढगाळ आठवड्यात साठवायलाच काही नसते.

पॅनेलचा कल अक्षांशाइतका, म्हणजे सोळा-सतरा अंश, ठेवावा असे सांगितले जाते. माझे मत थोडे वेगळे आहे. साधारण मेच्या दुसऱ्या आठवड्यापासून ऑगस्टच्या सुरुवातीपर्यंत या भागात मध्यान्हीचा सूर्य डोक्याच्या किंचित उत्तरेला असतो, आणि ढगांतून झिरपणारा उजेड तर साऱ्या आकाशातून येतो; त्यामुळे दक्षिणेकडे दहा-बारा अंशांचा कल पावसाळ्याला अधिक सोयीचा ठरतो आणि पाणी निथळायलाही पुरतो. हिवाळ्यात थोडे कमी मिळाले तरी तेव्हा आकाश निरभ्र असते. मंगळुरी कौलांवर सांगाडा बसवण्याच्या फंदात पडू नये. कौले फुटतात, गळती लागते आणि दुरुस्तीला चढणाऱ्याचे हाल होतात. कातळावर गॅल्व्हनाइज केलेला सांगाडा उभारावा, मात्र माडापासून दूर.

जोडणीतली एक चूक फार होते. अशा एका पॅनेलचा, त्याला काहीही जोडलेले नसतानाचा, विद्युतदाब ४९.५ व्होल्टच्या आसपास असतो आणि पॅनेलची वीज बॅटरीत सांभाळून भरणाऱ्या अनेक चार्ज कंट्रोलरची मर्यादा १५० व्होल्ट असते. तीन पॅनेल ओळीने जोडली की १४८.५ होतात, म्हणून कारागीर खुशाल जोडून जातो. परंतु हा आकडा २५ अंश तापमानाचा आहे. पौषातल्या पहाटे पारा १५ अंशांवर आला की दाब पावणेतीन टक्क्यांच्या आसपास वाढून १५२ च्या पुढे जातो आणि सूर्याच्या पहिल्या किरणांबरोबर कंट्रोलर जळू शकतो. त्यामुळे दोन-दोनच्या तीन ओळी कराव्यात.

बॅटरी ४८ व्होल्टच्या गटातली घ्यावी. तीन हजार वॅटला १२ व्होल्टवर अडीचशे अँपिअर वाहतात, तर ४८ व्होल्टवर सुमारे बासष्टच, आणि तारा त्याच मानाने बारीक चालतात. लिथियम आयर्न फॉस्फेटच्या ५१.२ व्होल्ट, १०० अँपिअर-तासांच्या दोन बॅटऱ्या म्हणजे सव्वादहा युनिटे. त्यातली आठ वापरायची धरली तर दोन दिवस काढता येतात. तिसऱ्या दिवसासाठी लहान जनरेटर ठेवावा आणि त्यात कमीपणा मानू नये. पंप व इस्त्री दुपारीच चालवावी. उंचावरची टाकी भरलेली असली की रात्री पंपाची आठवण होत नाही.

पॅनेलमधून डीसी, म्हणजे एकाच दिशेने वाहणारा प्रवाह येतो; त्या बाजूला डीसीसाठीचाच एमसीबी (प्रवाह वाढला की आपोआप तुटणारा खटका) लावावा. घरातला एसी, म्हणजे दिशा बदलत राहणारा, प्रवाह सेकंदाला शंभर वेळा शून्यावर येतो, त्यामुळे ठिणगी विझते; डीसीत ती पेटती राहते आणि साधा एमसीबी वितळतो. इन्व्हर्टरच्या हवेच्या झरोक्यांवर बारीक जाळी बसवावी. मी ती बसवली नव्हती, आणि भर श्रावणात इन्व्हर्टर बंद पडल्यावर झाकण उघडले तेव्हा आतल्या सर्किटच्या पट्टीवर दोन टोकांना टेकून मेलेली पाल आणि तिच्याभोवती मुंग्यांची रांग दिसली.

वळवाच्या आणि परतीच्या पावसात कोकणात विजा फार कडाडतात, म्हणून तडितरक्षक, सर्ज प्रोटेक्टर (दाब अचानक उसळला तर उपकरणे वाचवणारा) आणि चांगले अर्थिंग यांत काटकसर करू नये. जांभ्याच्या कातळात अर्थिंग सहज होत नाही: दगड ओल धरत नाही आणि खड्डा मारणारा माणूस तीन फुटांवर थकतो. दोन-तीन खड्डे खोल मारून त्यांत कोळसा, मीठ व माती भरावी, ते तांब्याच्या पट्टीने जोडावेत, अर्थ टेस्टरने रोध मोजून घ्यावा आणि चैत्र-वैशाखात, जमीन सर्वांत कोरडी असताना, प्रत्येक खड्ड्यात आठवड्याला दोन बादल्या पाणी ओतावे.