हवामानाचा हिशेब धरून कापूस-सोयाबीनचा सौदा कसा बांधावा

सभासदांचा माल एकत्र करून थेट जिनिंगला (कापसातून सरकी वेगळी करणाऱ्या कारखान्याला) किंवा सोया प्रक्रिया उद्योगाला विकणाऱ्या, नागपूर जिल्ह्यातील शेतकरी उत्पादक कंपन्यांसाठी हे मार्गदर्शन आहे. ‘शाश्वत शेतमाल’ हवा अशी मागणी बाहेरून येऊ लागली की संचालक मंडळ बहुधा आधी प्रमाणपत्राची चौकशी करते आणि खरेदीदाराशी होणारा करार मात्र मागच्या वर्षीच्याच मसुद्यावर उरकते. माझ्या मते हा क्रम उलटा आहे. हवामान बिघडल्यावर होणारे नुकसान कोणी किती सोसायचे हे ज्या सौद्यात लिहिलेले नाही, तो पहिल्याच वाईट हंगामात सगळा भार कोरडवाहू शेतकऱ्यावर टाकून मोकळा होतो, मग पोत्यावर शिक्का कोणताही असो.

विदर्भाला वाईट हंगाम नवा नाही. 2017 मध्ये गुलाबी बोंडअळीने कपाशीचे नुकसान केले, 2023 मध्ये पिवळ्या मोझॅक या विषाणूजन्य रोगाने सोयाबीनची शेतेच्या शेते पिवळी पाडली. तरीही व्यापाराच्या दृष्टीने सर्वांत महाग पडतो तो लांबलेला परतीचा पाऊस. तो सोयाबीनच्या काढणीवर आणि कापसाच्या पहिल्या वेचणीवर जवळजवळ एकाच वेळी येतो, उत्पादन आणि प्रत दोन्ही घटवतो, आणि दिवाळीच्या तोंडावर पैशाची गरज असल्याने माल थांबवून धरण्याची शेतकऱ्याची ताकदही नेमकी तेव्हाच संपलेली असते.

पेरणीपासूनची नोंद

काम पेरणीपासून सुरू करावे. प्रत्येक सभासदाचा गट क्रमांक, पेरलेले क्षेत्र, वाण, पेरणीची तारीख, फवारण्या आणि शेताचे अक्षांश-रेखांश एका वहीत किंवा संगणकावरील तक्त्यात नोंदवावेत, आणि ई-पीक पाहणीतील नोंद या नोंदीशी जुळते की नाही हे काढणीपूर्वीच तपासावे. युरोपीय संघाच्या जंगलतोडविरोधी नियमात सोयाबीन आणि सोयापेंड येते, कापूस येत नाही. 31 डिसेंबर 2020 नंतर जंगल तोडून तयार केलेल्या जमिनीवरचा माल त्या बाजारात चालणार नाही, आणि माल कोणत्या भूखंडावर पिकला हे स्थानांकनासह सांगावे लागेल. 4 हेक्टरपर्यंतच्या जमिनीला अक्षांश-रेखांशाचा एक बिंदू पुरतो. या नियमाची अंमलबजावणी दोनदा पुढे ढकलली गेली असली, तरी आपल्याकडची जमीन पिढ्यान्‌पिढ्या वहितीखाली असल्याने ही अट पाळणे अवघड नाही, फक्त ती पाळल्याचा पुरावा हाताशी हवा. भारतात जनुकीय बदल केलेल्या सोयाबीनच्या लागवडीला परवानगी नाही, ही बाबही खरेदीदाराला लेखी सांगण्याजोगी आहे, कारण काही खरेदीदार तेवढ्यासाठीच भारतीय पेंड घेतात.

ओलाव्याचा हिशेब

खरी लढाई ओलाव्यावर होते, म्हणून येथे घाई करू नये. भारतीय कापूस महामंडळ 8 टक्के ओलावा पायाभूत धरते, त्यावर 12 टक्क्यांपर्यंत भावात कपात करून कापूस घेते आणि त्यापुढे नाकारते. सोयाबीनच्या हमीभाव खरेदीत मर्यादा 12 टक्के आहे. 2024 च्या खरिपात ती 15 टक्क्यांपर्यंत शिथिल करावी लागली, यावरूनच हवामान कोणत्या दिशेने चालले आहे याचा अंदाज येतो. शिथिलीकरणाचा निर्णय येईपर्यंत गरजवंतांचा बराच माल खुल्या बाजारात गेलेला असतो, तेव्हा सरकारी सवलतीच्या भरवशावर न राहता कपातीचा तक्ता आपल्याच करारात असावा.

हा तक्ता अंदाजाने ठरवू नये, कोरड्या वजनावरून काढावा. शंभरातून प्रत्यक्ष ओलावा वजा करावा, त्याला शंभरातून पायाभूत ओलावा वजा करून येणाऱ्या आकड्याने भागावे आणि त्या गुणोत्तराने वजनाला गुणावे. 15 टक्के ओलावा असलेल्या 100 क्विंटल सोयाबीनचे 12 टक्क्यांच्या पायावरचे वजन 85 भागिले 88, म्हणजे सुमारे 96.6 क्विंटल भरते. न्याय्य घट सुमारे 3.4 क्विंटल झाली. त्यावर वाळवणीचा खर्च द्यायचा असेल तर तो वेगळा दाखवावा. घट आणि खर्च एकाच ‘कटती’त घातले की नेमके काय कापले हे कोणालाच सांगता येत नाही, आणि ही गोंधळाची जागा फारशी निरागस नसते.

मोजणीचे नियमही लिहावेत. नमुना ढिगाच्या वरून, मधून आणि तळातून घ्यावा, आर्द्रतामापक हंगामाच्या सुरुवातीला पडताळून घ्यावा, मोजणी विक्रेत्याच्या प्रतिनिधीसमोर व्हावी आणि वाद झाल्यास मोहोरबंद नमुना कोणाकडे पाठवायचा हे आधीच ठरलेले असावे.

कराराची कलमे

भाव निश्चित आकड्यात बांधण्याऐवजी दोन भागांत लिहावा: पायाभूत भाव आणि शाश्वत मालासाठीचा जादा भाव. पायाभूत भाव सर्वांना पाहता येईल अशा स्रोताला जोडावा, जसे माल पोचवण्याच्या आदल्या आठवड्यातील कळमना बाजार समितीचा सर्वसाधारण दर, आणि त्याला हमीभावाचा तळ ठेवावा. 2025-26 साठी हा तळ सोयाबीनला क्विंटलमागे 5,328 रुपये आणि लांब धाग्याच्या कापसाला 8,110 रुपये होता. पायाभूत भाव मोकळा सोडला तर जादा भावाला अर्थ उरत नाही, हे पश्चिम आफ्रिकेतील कोकोने दाखवून दिले आहे. आयव्हरी कोस्ट आणि घाना यांनी 2020-21 च्या हंगामापासून टनामागे 400 डॉलरचा जादा भाव शेतकऱ्याच्या उत्पन्नासाठी लागू केला. तेव्हा त्या देशांच्या कोकोला प्रतीसाठी मिळणारा वेगळा अधिभार बाजारात घसरला आणि दिलेल्यातला बराच भाग दुसऱ्या खिशातून परत गेला.

माल पोचवण्याची एकच तारीख कबूल करू नये, मुदत द्यावी आणि ती पावसाला जोडावी. त्यासाठी नवे मोजमाप शोधण्याची गरज नाही. महसूल मंडळात 24 तासांत 65 मिलिमीटरपेक्षा जास्त पाऊस म्हणजे अतिवृष्टी, ही व्याख्या आपल्याकडे तलाठ्यापासून शेतकऱ्यापर्यंत सर्वांना ठाऊक आहे आणि महावेधची स्वयंचलित केंद्रे मंडळनिहाय पाऊस नोंदवतात. कलम साधारण असे लिहिता येईल: “पुरवठ्याच्या मुदतीत संबंधित मंडळात अतिवृष्टीची नोंद झाल्यास मुदत 15 दिवसांनी वाढेल, आणि या वाढीव काळात 15 टक्क्यांपर्यंत ओलाव्याचे सोयाबीन परिशिष्टातील तक्त्यानुसार घट धरून स्वीकारले जाईल.” खरेदीदार या कलमावर कुरकुर करील. त्याला एवढेच दाखवावे की हे कलम नसेल तर त्या आठवड्यात त्याला मालच मिळणार नाही.

परिमाणाच्या बाबतीत मात्र आपणच सावध राहिलेले बरे. ऑगस्टमध्ये शेतात उभे दिसणारे पीक विकून टाकण्याचा मोह होतो, पण अपेक्षित उत्पादनाच्या निम्म्याहून अधिक माल काढणीपूर्वी बांधून घेऊ नये असे माझे मत आहे. उरलेला माल प्रत्यक्ष पाहूनच विकावा.

साठवण

गोदाम विकास व नियामक प्राधिकरणाकडे नोंदणी असलेल्या गोदामात माल ठेवल्यास इलेक्ट्रॉनिक पावती मिळते आणि तिच्यावर बँकेचे कर्ज काढता येते. किसान क्रेडिट कार्ड असलेल्या अल्पभूधारकांना काढणीनंतर सहा महिन्यांपर्यंत व्याज सवलतीची तरतूद आहे. दिवाळीची निकड भागवण्यासाठी ही सोय उत्तम आहे, पण तिला भाववाढीची हमी समजू नये. सोयाबीनचे वायदे, म्हणजे पुढच्या तारखेचे भाव आजच बांधणारे सौदे, डिसेंबर 2021 मध्ये थांबवले गेले आणि ती बंदी वारंवार वाढवली गेली, त्यामुळे साठवलेल्या मालाचा भाव सुरक्षित करण्याचे साधन हाती राहिले नाही. धोरणाचा धक्काही पावसासारखाच अवचित येतो: कापसावरील 11 टक्के आयात शुल्क 19 ऑगस्ट 2025 पासून त्या वर्षअखेरपर्यंत माफ झाले, म्हणजे ऐन वेचणीच्या काळात. साठवलेला माल म्हणूनच एकदम न काढता टप्प्याटप्प्याने विकावा.

कापसाची स्वच्छता

कापसात जादा भाव मिळवण्याचा सर्वांत स्वस्त मार्ग स्वच्छता हा आहे. प्लास्टिकच्या पोत्याचे धागे आणि वेचणाऱ्यांचे केस रुईत गेले की सूतगिरणीत ते शेवटपर्यंत छळतात. म्हणून वेचणीला सुती कापडाच्या झोळ्या आणि डोक्याला सुती रुमाल कंपनीनेच पुरवावेत. सकाळचे दव सुकल्यावर वेचणी करावी. पहिल्या दोन वेचण्यांचा कापूस वेगळा ठेवावा, पावसात भिजलेला आणि कवडीयुक्त (किडीने खराब झालेला, नीट न फुललेला) कापूस त्यात मिसळू देऊ नये. फरदड, म्हणजे हंगाम संपल्यावरही तेच पीक राखून घेतलेले उत्पादन, घेऊ नये, कारण तिच्यात बोंडअळी पुढच्या हंगामापर्यंत तग धरते. पऱ्हाटी (कपाशीची वाळलेली झाडे) जाळण्याऐवजी कांडी-इंधनासाठी विकता येते.

संत्र्याला ही पद्धत जशीच्या तशी लावू नये. मृग बहारासाठी (पावसाळ्याच्या सुरुवातीला येणाऱ्या फुलोऱ्यासाठी) झाडांना पाणी तोडून दिलेला ताण अवकाळी पावसाने मोडला तर फळच धरत नाही, आणि मालही नाशवंत. त्याचा करार वेगळाच विचार मागतो.

प्रमाणपत्र आणि जादा भावाचे वाटप

वरील नोंदी दोन हंगाम नीट राहिल्या की प्रमाणपत्र घेणे फारसे कठीण उरत नाही. कीडनाशके आणि पाणी यांचा वापर कमी करणाऱ्या सभासदांसाठी बेटर कॉटन, आणि रसायने पूर्ण सोडलेल्यांसाठी राष्ट्रीय सेंद्रिय उत्पादन कार्यक्रमातील गट प्रमाणीकरण, असे दोन मार्ग आहेत. दोन्हींचा माल एकाच ढिगात पडणार नाही, याची जबाबदारी गोदामपालावर नावानिशी टाकावी.

जादा भाव खरेदीदाराकडून आल्यावर त्याचा मोठा हिस्सा सभासदाच्या खात्यात 30 दिवसांच्या आत, ओलावा, घट आणि दर दाखवणाऱ्या पावतीसह जमा करावा. उरलेला हिस्सा अतिवृष्टीच्या वर्षासाठी राखीव निधीत ठेवावा. वाळवणीचे यंत्र भाड्याने आणणे, ताडपत्र्या घेणे आणि ओल्या मालाची वाहतूक यांचा खर्च त्यातून भागवावा, आणि या निधीला इतर कोणत्याही कामासाठी हात लावायचा झाल्यास सर्वसाधारण सभेचा ठराव आवश्यक करावा.