जुन्या पिकअपचे ॲक्सिलरेटर पेडल सैल झाल्यास दोष कसा शोधावा

जुन्या डिझेल पिकअपमध्ये पायाखालचे पेडल आणि इंजेक्शन पंपाचा (इंजिनला डिझेल पुरवणाऱ्या पंपाचा) लिव्हर यांना एक पोलादी केबल जोडते. पेडल सैल लागू लागले की पुष्कळदा थेट केबलचा नट आवळला जातो. त्याने सैलपणा तात्पुरता जातो खरा, पण मूळ कारण तुटत आलेल्या तारा हे असेल, तर दोष झाकला जातो आणि केबल नेमकी घाटात तुटते. म्हणून आधी ढिलाई कोठे आहे ते ठरवावे. इलेक्ट्रॉनिक पेडलच्या नव्या गाड्यांना ही तपासणी लागू नाही.

इंजिन बंद करून गाडी न्यूट्रलमध्ये ठेवावी, हँडब्रेक ओढावा आणि चाकांना दगड लावावेत. एकाने पेडल हळूहळू दाबावे व दुसऱ्याने बॉनेट उघडून पंपाच्या लिव्हरवर नजर ठेवावी. लिव्हर हलण्यापूर्वी पेडल किंचित खाली जाणे योग्यच आहे. मात्र बरेच खाली जाऊनही लिव्हर जागचा हलत नसेल, तर दोष या दोहोंच्या मध्ये आहे. पेडल पूर्ण दाबल्यावरही लिव्हर शेवटच्या स्टॉपला टेकत नसेल, तर आधी पायाखालची मॅट काढून पाहावी. एका मॅटवर दुसरी टाकण्याची आपली हौस येथे नडते.

त्याच वेळी केबलच्या बाहेरच्या आवरणाकडेही पाहावे, कारण सर्वाधिक दुर्लक्ष याच जागेकडे होते. पेडल दाबताना आवरणच सरकत किंवा वाकत असेल, तर त्याची क्लिप, ब्रॅकेट किंवा केबिनच्या पत्र्यातील रबर निकामी झालेले असते आणि केबल चांगली असूनही ओढ वाया जाते. त्यानंतर केबल लिव्हरपासून सोडवून टोकाच्या निपलजवळ (तारेच्या टोकावरील धातूच्या गाठीजवळ) फडके फिरवावे. ते अडकले, तर तारा तुटू लागल्या आहेत आणि केबल बदलण्यावाचून उपाय नाही. आतली तार अडखळत सरकत असेल, तरीही केबल बदलावी. मोकळा लिव्हर हाताने ओढून सोडल्यावर झटकन परत यावा. तो रेंगाळला, तर रिटर्न स्प्रिंग किंवा पंपाचा शाफ्ट तपासून घ्यावा.

पेडल डावी-उजवीकडे डुलत असेल, तर पिन व बुश झिजले आहेत. ते काम किरकोळ आहे.

हे सारे ठीक असेल तरच लॉकनट सैल करून केबल जुळवावी आणि थोडी ढिलाई राखावी, कारण केबल तंग राहिल्यास इंजिनचा स्लो (पेडल न दाबता इंजिन फिरण्याचा वेग) वाढतो. पंपावरील सीलबंद स्क्रूला मात्र हात लावू नये.

चाचणीच्या फेरीत पेडल खालीच अडकले, तर क्लच दाबून गिअर न्यूट्रलमध्ये आणावा, ब्रेक दाबून गाडी कडेला उभी करावी आणि मगच इंजिन बंद करावे, कारण चालत्या गाडीत इंजिन बंद पडल्यास ब्रेक जड होतो.