तूर फुलोऱ्यात असताना फवारणीच्या या चुका टाळा

सोयाबीन निघालं की मराठवाड्यात तूर शेतात एकटी उभी राहते आणि दिवाळीच्या मागंपुढं फुलोऱ्यात येते. नेमकं तेव्हाच आभाळ येतं, सकाळी धुई पडते आणि कृषी सेवा केंद्रावर गर्दी होते. "तुरीवर अळी पडलीय, भारीतलं काहीतरी द्या." कोणती अळी, लहान का मोठी, कळीवर का शेंगेत, असं विचारलं तर बहुतेकांकडं उत्तर नसतं. दुकानदारही मग महागातला डबा काढून देतो. त्याला तरी दोष कसा द्यायचा?

फूल गळालं की अळीच आली असं समजणं

तुरीला जेवढी फुलं लागतात त्यातली बहुसंख्य आपोआप गळतात. झाडाला तेवढ्या शेंगा पोसणं शक्यच नसतं. जमीन हलकी असेल, ओल तुटली असेल किंवा धुई पडली असेल तर गळ आणखी वाढते. जमिनीवर पिवळा सडा दिसला म्हणून धावत जाऊन कीटकनाशक मारण्यात अर्थ नाही. आधी झाडावर बघा. कळ्या कुरतडलेल्या आहेत का? फुलं, कळ्या आणि कोवळी पानं एकमेकांना चिकटून गुच्छ झालेत का? असा गुच्छ बोटांनी उकला. आत रेशमी जाळी, काळसर विष्ठा आणि अंगावर काळे ठिपके असलेली पांढुरकी अळी सापडली तर ती मारुका. ती आत बसलेली असते, त्यामुळे वरवर फवारा मारला तर तिच्यापर्यंत औषध पोचत नाही. गुच्छ थोडे असतील तर तोडून नष्ट करणं जास्त कामाचं.

झाड झुडपासारखं, पानं बारीक, फिकट आणि फूलच नाही, असं असेल तर तो वांझ रोग आहे. तो डोळ्यांना न दिसणाऱ्या कोळी किडीमुळं पसरतो. अशा झाडावर फुलांचं टॉनिक मारणारे लोक दरवर्षी भेटतात. झाड उपटून टाकायचं असतं.

शेजाऱ्याचा पंप चालू झाला म्हणून आपला चालू करणं

बदनापूरच्या संशोधन केंद्राचा बीडीएन-711 हा वाण 150 दिवसांच्या आसपास येतो. बीएसएमआर-736 ला 180 दिवसांच्या आसपास लागतात. एकाच्या शेंगा भरत असतात तेव्हा दुसऱ्याला जेमतेम कळी असते. बांधाला बांध असला तरी दोघांच्या फवारणीची तारीख एक असूच शकत नाही. आपल्या तुरीत निम्म्या झाडांना फूल कधी लागलं, ते बघून फवारणीचे दिवस मोजा.

अळी बोटाएवढी झाल्यावर जागं होणं

सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. घाटे अळीचा पतंग कळ्यांवर, फुलांवर, कोवळ्या शेंगांवर एकेक अंडं सुटं घालतो. अंडं खसखशीच्या दाण्याएवढं, पिवळसर पांढरं. तीन-चार दिवसांत अळी बाहेर पडते आणि सुरुवातीला कळ्या, फुलं खरवडते. या वयात ती साध्या औषधानंही मरते. पुढं ती हिरवी, तपकिरी, गुलाबीसर अशा कुठल्याही रंगाची होते, शेंगेला गोल भोक पाडते आणि डोकं आत, निम्मं अंग बाहेर ठेवून दाणे खाते. आपल्याला ती दिसते ती याच वेळी. तेव्हा ती दीड इंचाची झालेली असते आणि दुप्पट औषधालाही दाद देत नाही.

म्हणून कळी लागायच्या सुमाराला हेक्टरी 5 कामगंध सापळे (मादीच्या वासानं नर पतंगांना ओढणारे) लावा, पिकाच्या शेंड्यापेक्षा फूटभर उंच. सलग दोन-तीन दिवस एका सापळ्यात 8 ते 10 पतंग पडले तर समजा, आता अंडी घातली जाणार. सापळे नसतील तर जुना उपाय अजूनही तितकाच चांगला आहे: तासात, म्हणजे तुरीच्या दोन ओळींमधल्या जागेत, पोतं अंथरायचं आणि त्यावर झाड वाकवून हलकेच झटकायचं. पोत्यावर काय पडतं ते मोजायचं. शेताच्या चार कोपऱ्यांत आणि मधोमध अशी पाच ठिकाणं केली तरी सकाळच्या अर्ध्या तासात चित्र स्पष्ट होतं. झाडामागं सरासरी एक अळी निघाली तर फवारणीची वेळ झाली. पडलेल्या अळ्या तिथंच मारून टाका.

पहिली फवारणी कळी अवस्थेत 5 टक्के निंबोळी अर्काची पुरते. 5 किलो निंबोळी कुटून रात्रभर पाण्यात भिजवा, गाळा, 200 ग्रॅम साबणाचा चुरा घाला आणि पाणी 100 लिटर करा. अळ्या अजून लहान असतील तर एचएएनपीव्ही हे विषाणूचं औषध हेक्टरी 500 एलई (विषाणूच्या मात्रेचं माप) वापरता येतं, पण ते संध्याकाळीच मारायचं. उन्हानं ते निकामी होतं. काही दिवसांनी अळ्या शेंड्याला उलट्या लटकलेल्या दिसतात. ज्यांना तासाभरात अळी खाली पडलेली बघायची सवय आहे, त्यांना हे औषध 'फेल' वाटतं.

अळ्या टिपणाऱ्या पाखरांना बसायला जागा द्या. पेरताना तुरीत थोडी ज्वारी मिसळण्याची रीत होती ती यासाठीच. या वर्षी राहिली असेल तर काड्या रोवा.

डोस पंपाला मोजणं, एकराला नाही

शिफारस बहुतेक वेळा 10 लिटर पाण्यासाठी लिहिलेली असते आणि आपला पंप 16 लिटरचा. इमामेक्टिन बेंझोएट 5 एसजी 10 लिटरला 4.4 ग्रॅम, म्हणजे पंपाला 7 ग्रॅम. क्लोरँट्रानिलिप्रोल 18.5 एससी 10 लिटरला 3 मिली, म्हणजे पंपाला 5 मिलीच्या जवळपास. इथवर सगळे बरोबर असतात. पुढं एकर सहा पंपांत आटोपतात. एकरी 200 लिटर पाणी धरलं तर बारा-तेरा पंप व्हायला हवेत. सहा पंपांत एकरी 60 मिलीऐवजी निम्मंच औषध पडतं, अळी अर्धमेली होऊन उठते आणि मग "कंपनीनं औषध पातळ केलं" अशी चर्चा पारावर रंगते.

त्याच पंपात कीटकनाशक, बुरशीनाशक, विद्राव्य खत आणि टॉनिक एकदम ओतणं ही दुसरी खोड. बादलीत तळाला चोथा बसला किंवा पाणी नासक्या दुधासारखं फाटलं तर ते मिश्रण फेकायचं, झाडावर न्यायचं नाही. आणि पहिल्याच फवारणीला स्वस्तातलं पायरेथ्रॉइड गटातलं कीटकनाशक मारू नका. घाटे अळी त्याला कधीच सरावली आहे. मरतात ते मित्रकीटक.

शेंगमाशीला अळीसारखं वागवणं

शेंगमाशी भोक पाडून आत जात नाही. माशी कोवळ्या शेंगेत अंडं घालते, पांढरी पाय नसलेली अळी दाणा कुरतडत आत वाढते आणि कोषही आतच करते. बाहेरून शेंग ठणठणीत. शेंगेवर बारीक भोक दिसतं ते माशी बाहेर उडून जाताना पडलेलं, म्हणजे तोवर खेळ संपलेला असतो. शेंगांत दाणा भरायला लागला की दर आठवड्याला वेगवेगळ्या झाडांच्या शेंगा तोडून सोला. शंभरात पाच किडक्या निघाल्या तर फवारणीला थांबू नका. पिसारी पतंगाची केसाळ, बारीक हिरवट अळी मात्र शेंगेवर बाहेरच बसलेली असते, ती ओळखायला सोपी.

डोक्यावरच्या पिकात उघड्या तोंडानं फिरणं

फुलोऱ्यातली तूर माणसाच्या डोक्यावर जाते. नळी वर धरली की अर्धा फवारा आपल्याच तोंडावर येतो. 2017 साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारताना विषबाधेनं शेतकरी, शेतमजूर गेले. चष्मा, मास्क, पूर्ण बाहीचा सदरा, वाऱ्याकडं पाठ, एवढं तरी करा. मजूर लावला असेल तर मास्क तुम्ही विकत घेऊन द्या, तो स्वतः घेणार नाही. फवारणी दुपारी चारनंतर करा. सकाळभर मधमाश्या फुलांवर असतात.

वेळ अमावस्येचं भान न ठेवणं

लातूर, धाराशिवकडं वेळ अमावस्येला सगळं गाव शेतात जेवायला जातं, भज्जी या मिसळ भाजीत तुरीचे हिरवे दाणे लागतातच. लेकरं तर झाडावरूनच शेंगा ओरबाडून खातात. शेवटची फवारणी नेमकी त्याच आठवड्यात आलेली असते. औषधाच्या डब्यावर फवारणीनंतर किती दिवस माल तोडायचा नाही ते लिहिलेलं असतं; त्या दिवसांत अमावस्या येत असेल तर तुरीची दोन तासं, म्हणजे ओळी, न फवारता सोडा, त्यांना कापड बांधून खूण करा आणि पाहुण्यांना शेंगा तिथूनच तोडायला सांगा. शेजारच्या तासांचा फवारा उडून तिकडं जाणार नाही, एवढं अंतर ठेवा.