एमडीसी वापरताना या चुका टाळा

डायक्लोरोमिथेन हे सॉल्व्हेंट (विरघळवणारा द्रव), म्हणजे कामगारांच्या तोंडचं एमडीसी. रंग उतरवायला, ग्रीस काढायला, प्लॅस्टिक जोडायला एकदम झटपट. त्यात ते सहजासहजी पेट घेत नाही, म्हणून माणसं निर्धास्त होतात. पण जवळपास वेल्डिंग चालू असेल किंवा एखादा भाग लालबुंद तापलेला असेल, तर त्याच वाफेतून हायड्रोजन क्लोराईड आणि फॉस्जीन हे विषारी वायू तयार होतात.

हातमोज्यांत फार चूक होते. निळा नायट्राइलचा मोजा घालून पुसायला घेतलं की आधी बोटांना गार लागतं, मग चुरचुरायला लागतं. मोजा फुगलेला, सुरकुतलेला दिसतो. फाटलेला नसतो, पण एमडीसी काही मिनिटांत त्यातून आरपार आलेलं असतं. लॅमिनेटचे (प्लॅस्टिकच्या अनेक थरांचे) किंवा पीव्हीएचे (पॉलिव्हिनाइल अल्कोहोलचे) मोजे मागून घ्या. पीव्हीए पाण्यात विरघळतो, तेव्हा ओल्या कामाला तो घालू नका.

‘वास येत नाही, म्हणजे हवा चांगली आहे’ हा समज तर सगळीकडे. ओशा या अमेरिकेच्या कामगार-सुरक्षा संस्थेची मर्यादा 8 तासांच्या सरासरीने 25 पीपीएम (हवेच्या दहा लाख भागांत 25 भाग) आहे, 15 मिनिटांसाठी 125. बहुतेकांना वास कळतो तोच दीडशे पीपीएमच्या पुढे, आणि थोड्या वेळाने नाक सरावतं. कोळशाने हवा गाळणारा कार्ट्रिजचा मास्कही यावर चालत नाही, कारण एमडीसी त्या कोळशातून लवकर निसटतं. बाहेरून नळीने शुद्ध हवा देणारा मास्कच लागतो.

सर्वांत जास्त जीव जातात ते टाकी, टब, खड्डा अशा खोलगट जागी. एमडीसी 40 अंशांना उकळतं, त्यामुळे साध्या खोलीतही भराभर उडतं, आणि वाफ हवेच्या जवळजवळ तिप्पट जड असल्याने तळाशी साचते. उभं असताना काही जाणवत नाही. तळ घासायला माणूस काठावरून वाकतो आणि त्याचं तोंड थेट त्या साठ्यात जातं. मिनिटांत शुद्ध हरपते. अमेरिकेत बाथटबचा जुना रंग काढणारे कामगार असेच टबावर ओणवे मेलेले सापडले आहेत. खिडकी उघडून किंवा छताचा पंखा लावून भागत नाही, हवा तळाजवळून ओढून बाहेर टाकावी लागते. आत कोणी पडला, तर हवा पुरवणारा मास्क नसताना कृपा करून उतरू नका. वाचवायला गेलेलाही तिथेच पडतो.

आता ते संध्याकाळचं डोकं दुखणं. डोकं जड होतं, मळमळतं, पाय लटपटतात, आणि आपण ‘उपाशी होतो, ऊन लागलं’ म्हणून सोडून देतो. पण शरीर एमडीसीपासून कार्बन मोनॉक्साईड हा विषारी वायू तयार करतं, आणि मोकळ्या हवेत आल्यावरही ते काही तास चालूच राहतं. रक्तातला ऑक्सिजन मोजायला बोटाला लावायचा ऑक्सिमीटर इथे फसवतो. रक्तात मोनॉक्साईड भरलेला असतानाही तो 98 टक्के दाखवू शकतो. बरं वाटतंय म्हणून अशा माणसाला एकट्याला घरी पाठवू नका. हृदयविकार असेल तर धोका आणखी मोठा. दवाखान्यात नेताना डब्याच्या लेबलाचा फोटो सोबत न्या, सॉल्व्हेंटचं नाव सांगा आणि रक्तातलं कार्बोक्सिहिमोग्लोबिन (मोनॉक्साईड चिकटलेलं हिमोग्लोबिन) तपासायला सांगा.