शिवडीच्या दफनभूमीत कठड्यांच्या कामाला निघण्यापूर्वी

शिवडीची ख्रिस्ती दफनभूमी १८६५ सालची. व्हीटी स्टेशनचे वास्तुकार एफ. डब्ल्यू. स्टीव्हन्स १९०० साली वारले, त्यांची कबरही इथेच. समुद्र जवळ असल्यामुळे इथल्या कबरींभोवतीच्या लोखंडी कठड्यांना खारा वारा बारमाही आणि पाऊस चार महिने सोसावा लागतो. म्हणून काम नोव्हेंबर ते फेब्रुवारीतच धरा. दमट हवेत घासलेलं लोखंड काही तासांत पुन्हा लालसर होतं.

दफनभूमीच्या कार्यालयाची लेखी परवानगी हवी, आणि कुटुंबाचा पत्ता लागत असेल तर त्यांचीही. आधी फोटो काढा, शेजारी मोजपट्टी धरून. प्रत्येक गजाला नायलॉनच्या दोरीने क्रमांक बांधा. गवतात पडलेली गजांची भाल्यासारखी टोकं, नक्षीची लोखंडी फुलं चुंबकाने शोधा आणि कबरीचा क्रमांक लिहिलेल्या डब्यात ठेवा. एकही तुकडा भंगारात जाऊ देऊ नका.

मग धातू ओळखा. बीड म्हणजे साच्यात ओतलेलं लोखंड, ते जाड असतं, साच्याची शिवण दिसते, आघाताने तडकतं. घडीव, म्हणजे तापवून ठोकून आकार दिलेलं लोखंड वाकतं, गंजलं की लाकडासारखं पदरापदराने सुटतं. ते आता कारखान्यात बनत नाही, बाजारात मिळतं ते माइल्ड स्टील, म्हणजे साधं पोलाद. म्हणून जुना गज बदलण्याआधी दहादा विचार करा. बीड साध्या वेल्डिंगवाल्याच्या हाती देऊ नका, उष्णतेने शेजारीच नवी चीर जाते.

सगळ्यात जास्त वेळ गजाच्या पायाशी काढा. दगडात भोक पाडून, गज रोवून, वितळलेलं शिसं ओतलेलं असतं. शिसं सैल झालं की पाणी मुरतं. गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा घेतो आणि आतून दगड फोडतो. वरचा गज चकचकीत रंगवून पाय तसाच सोडलेला दिसला की मला फार वाईट वाटतं. शिसं शाबूत असेल तर हलकेच ठोकून पुन्हा बसवा. पाय पुरता गेला असेल तर तेवढाच भाग स्टेनलेस स्टीलचा जोडून घ्या. सिमेंट भरू नका, त्याच्या कडेने पाणी शिरतं आणि आतच राहतं.

जुन्या रंगात शिसं असू शकतं. तो कोरडा घासू नका, जाळू तर मुळीच नका. पाणी शिंपडत खरवडा, खाली ताडपत्री, तोंडावर धूळ गाळणारा मास्क, हातात मोजे. जेवणाआधी हात साबणाने धुवा. ग्राइंडर नेऊ नका: त्याच्या ठिणग्या शेजारच्या संगमरवरावर पडून गंजतात आणि ते तपकिरी ठिपके निघत नाहीत. ॲसिडही नको, संगमरवर विरघळतो. पितळी-कांस्य अक्षरांना चिंच-लिंबू लावू नका.

गज गोड्या पाण्याने धुवा, पूर्ण वाळवा, तारेच्या ब्रशने सुटा गंज काढा आणि त्याच दिवशी झिंक फॉस्फेट प्रायमर (गंज रोखणारा पहिला हात) लावा. दव पडण्याआधी हात आवरा. म्हणजे एका दिवसात जेवढं रंगवून होईल तेवढंच सकाळी घासायला घ्या.